पाण्याखालचे पाय

कुरुंद्याचा तातेराव थापा मारायचा, हे सांगितल्यानं त्याची काही बदनामी होत नाही. गावाला ते ठाऊक होतं, त्याच्या बायकोला ठाऊक होतं, आणि तातेरावाला स्वतःला तर सगळ्यांत आधी ठाऊक होतं. हळदीचा मळा, दोन बैल, एक विहीर आणि एक जीभ एवढी त्याची मालमत्ता. त्यातली जीभ तेवढी बारमाही पिकायची.

त्याची विहीर इतकी खोल होती म्हणे, की उन्हाळ्यात तिच्यात मारलेली हाक ऐन पेरणीत वर आली आणि तिफणीचे बैल बुजले. एका साली त्याच्या मळ्यात हळदीचा गड्डा असा निघाला, की त्या खड्ड्यात म्हैस उतरली, तिथंच व्याली, आणि पारडू शिंगाला आलं तरी कुणाला पत्ता नाही. संध्याकाळी पारावर ही कथा चालू झाली की माणसं तंबाखू मळायची थांबायची. पुरावा कुणी मागत नसे. पुरणपोळी खाताना गव्हाचा सातबारा कुणी मागतो का?

पारावर त्याच्या शेजारीच सटवाजी बसायचा. दोघांच्या शेतांना बांध एक, दोघांचं लहानपण एक, पण स्वभाव मात्र दोन टोकांचे. सटवाजीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आभाळ भरून आलं तरी हा माणूस ‘पाऊस येणार’ म्हणत नसे, ‘ढग आलेत’ एवढंच म्हणायचा. बैल विकायला वसमतच्या बाजारात नेला, तर गिऱ्हाइकाला बैलाच्या खोडी आधी सांगायचा आणि बैल घेऊन परत यायचा. गावात भांडण झालं की दोन्ही बाजूंचे लोक म्हणायचे, सटवाजीला विचारा. तातेरावाच्या गोष्टी तो मान खाली घालून ऐकायचा आणि शेवटी फक्त म्हणायचा, “बरं.”

असं सगळं गोडीगुलाबीनं चाललेलं असताना तातेरावानं एक मोठी चूक केली. तो खरं बोलला.

झालं असं, की त्याचा एक भाचा हैदराबादेत कुणा नवाबाच्या बागेत झाडांना पाणी घालायला होता. त्याला हिवताप आल्याचा निरोप आला, म्हणून तातेराव आगगाडीत बसून गेला. भाचा तोवर बरा झाला होता. मामा एवढा आलाच आहे तर काहीतरी दाखवावं, म्हणून त्यानं मामाला बागेतल्या मोठ्या हौदापाशी नेलं. पाणी हिरवट होतं. त्यावर दोन कान, दोन डोळे आणि दोन नाकपुड्या तरंगत होत्या. बाकी काही नाही. तातेराव काठावर बसला. बऱ्याच वेळानं त्या नाकपुड्यांच्या खाली पाणी फाटलं आणि एक तोंड उघडलं. त्यात एक आख्खं वासरू बसलं असतं. दात खुंट्यांसारखे. तोंड मिटलं, पाणी मिटलं, पुन्हा दोन कान, दोन डोळे, दोन नाकपुड्या.

“दर्याई घोडा म्हणतात ह्याला, मामा,” भाचा म्हणाला. आपण ज्याला पाणघोडा म्हणतो तोच हा.

“बाहेर कवा येतो?”

“मन झालं तर.”

तातेराव दिवस मावळेपर्यंत बसला. त्या जनावराचं मन काही झालं नाही. गाडीची वेळ झाली तसा तो उठला. आजवर त्यानं काय काय सांगितलं होतं, पण कधी अडखळला नव्हता. आता हाताशी एक खरीखुरी गोष्ट आली होती आणि ती कुठून धरावी हेच त्याला कळेना.

पारावर त्यानं ती सांगितली, पण नेहमीची रंगत येईना. मीठमसाला घालावा तर खऱ्याचं खोटं होईल, ही धास्ती. लोक हसले, पण बेतानंच. दगडोबा नावाचा एक शेतकरी होता, त्याला दुसऱ्याच्या बोलण्यात खुंटी मारायची भारी हौस. तो म्हणाला, “तात्या, ह्यापरीस तुझी विहीर बरी व्हती.”

“आरं, हे खरं हाय!”

“विहीर बी खरीच व्हती की.”

“मपल्या डोळ्यानं पाह्यलं! इचारा मपल्या भाच्याला!”

“भाचा कुणाचा? तुझाच ना?”

पार हसला आणि तातेरावाचं डोकं फिरलं. त्यानं औंढ्याच्या दिशेला तोंड केलं, हात जोडले आणि म्हणाला, “नागनाथाची आण!”

सटवाजीनं मान वर केली. तो रागावलेला गावानं कधी पाहिला नव्हता.

“तात्या, थापा मार. जल्मभर मारल्या, आमी आयकल्या. पर नागनाथाला मधी घेऊ नको.”

“सटवा, तू बी?”

“दुसरं कोनी पाहून येऊन सांगंल तवा तू बोल. तवर ह्या पारावर तुझं तोंड बंद.”

सटवाजी म्हणाला म्हणजे झालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. तातेरावानं पागोटं उचललं, झटकलं, आणि उतरण्याआधी वळून एवढंच म्हणाला, “मपलं खरं घेत न्हाई व्हय? मंग मपलं खोटं बी मिळनार न्हाई.”

आणि त्यानं ते पाळलं. पारावरच नाही, घरी नाही, मळ्यात नाही, हळद शिजवायच्या कढईपाशी नाही, कुठंच त्यानं गोष्ट म्हणून सांगितली नाही. लोकांनी विचारलं तर ‘व्हय’, ‘न्हाई’, ‘जेवलो’ एवढंच. आशाबाई, त्याची बायको, आधी खूश झाली. चाळीस वर्षं जिला मधे बोलायला फट सापडली नव्हती, तिला आता आख्खा दिवस मोकळा मिळाला. पण पंधरवड्यात तिचं बोलणं संपलं. घर भांडी आपटली तरी गप्प वाटायला लागलं, आणि तातेराव गोठ्यात बैलांपुढं नुसताच बसलेला दिसायचा. तिला त्याची कीव यायला लागली, आणि ती कीव रागाच्या रूपानं बाहेर पडायची.

“आवं, तोंडाला बंदी हाय, हाताला हाय का? काहीतरी करा की!”

हे तिनं गोठा झाडण्याबद्दल म्हटलं होतं. तातेरावानं वेगळंच घेतलं.

आता, त्याच्या हाताला एक कसब होतं. पोळ्याला बैलांच्या अंगावर गेरूचे ठसे उठवायचे, ते ठसे गावाला तोच कोरून द्यायचा. फूल, चांदणी, मोर, ज्याला जे पाहिजे ते. त्यानं गोठ्याच्या मोडक्या दाराची सागवानी फळी काढली, सुताराकडून पटाशी आणली, आणि नवाबाच्या हौदापाशी जेवढं पाहिलं होतं तेवढं त्या फळीवर कोरलं. पाण्याची एक लांब रेघ. तिच्यावर दोन कान, दोन डोळे आणि दोन नाकपुड्या. दिव्याची काजळी जवसाच्या तेलात खलून शाई केली. कागदाची ददात होती, पण वसमतला तंबूतला सिनेमा येऊन गेला होता आणि त्याच्या जाहिरातींचा गठ्ठा वाण्याकडं पडून होता. एका बाजूला डोळे मोडणारी नटी, दुसरी बाजू कोरी. फळीला शाई लावायची, कागदाची कोरी बाजू तिच्यावर पालथी घालायची, वाटीच्या बुडानं घासायची, की निघाला दर्याई घोडा.

ही चित्रं पोरांसाठी होती. पारावरची माणसं पाहणार नव्हती, आणि पाहिली तरी मानणार नव्हती. लेकरं तरी पाहतील, रंग भरतील, एवढाच त्याचा हिशेब. तो चांगला होता, फक्त महिना श्रावण होता.

श्रावणात छापील चित्राचा कागद घरात आला म्हणजे तो जिवतीचा, हे गावातल्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. लेकरांच्या आयुष्यासाठी तो कागद देव्हाऱ्यापाशी चिकटवायचा आणि पूजा करायची. पोरं चित्रं घेऊन घरी गेली आणि आयांनी ती हातातून काढून घेऊन भिंतीला लावली. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, आघाड्याची माळ घातली. जिवतीच्या कागदावर बुध-बृहस्पती हत्ती-वाघावर बसलेले असतात, तेव्हा हेही कुणाचं तरी वाहन असणार यात शंका नव्हती. स्वार दिसत नाही, एवढीच अडचण.

“स्वार मागून येऊन राहिला असंल,” एकीनं तोडगा काढला.

पोरांनी गळे काढले. रंग भरायला हात लावावा, तर पाठीत धपाटा. तातेराव दारोदार फिरून सांगायला लागला, की बाई, हा देव नव्हं, हे जनावर हाय. बायका त्याच्याकडं पाहून हसायच्या. एवढा थापाड्या माणूस, जनावर म्हणतोय म्हणजे देवच असणार!

शेवटी श्रावण सरला, पोळा झाला, भादव्यात त्यानं नवे कागद छापले, आणि या खेपेला ते पोरांच्या हाती पडले. मग काय विचारता! हळदीच्या गावात पिवळ्याला तोटा नाही. हळदीत चुना कालवला की लाल. चुलीतला कोळसा, भिंतीचा गेरू, धुण्याची नीळ, पाल्याचा रस. तातेरावाच्या ओसरीवर पोरंच पोरं, आणि आशाबाईच्या हळदीच्या डब्याला बूड दिसायला लागलं.

तांड्यावरची पेमा नावाची एक सात-आठ वर्षांची पोरगी होती. तिची आई मिराबाई मळ्यात हळद खुरपायला यायची तेव्हा तीही यायची. पेमानं कान रंगवले, डोळे रंगवले, आणि मग कागद तातेरावापुढं धरला.

“आजा, ह्याला पोट न्हाई?”

“हाय की. पान्याखाली.”

“मंग काढ ना.”

“म्या पाह्यलं न्हाई, बाई.”

“पाय?”

“ते बी न्हाई पाह्यले.”

“काढ की कसेबी! कोन बघून राहिलंय!”

तातेरावाचे हात शिवशिवले. खोटं कशाला बोला? त्याच्या डोक्यात त्या जनावराला पाय फुटले होते, शेपूट फुटलं होतं, पाठीवर तुरा आला होता. एक ठिणगी पडायचा अवकाश. पण त्यानं पटाशी खाली ठेवली.

“न्हाई. जेवढं पाह्यलं तेवढंच.”

“मंग मी काढू?” पेमानं विचारलं.

“तू काढ. तू काय आण घेतली न्हाईस.”

झालं, वाट मोकळी झाली. पाण्याच्या रेघेखाली कागद कोराच होता, आणि तिथं गावातल्या प्रत्येक पोरानं आपापला दर्याई घोडा बसवला. कुणी माशाचं शेपूट काढलं. कुणी बदकाचे पंजे. एकानं पायांच्या जागी बैलगाडीची चाकं काढली, कारण एवढं धूड चालणार कसं? पेमानं हत्तीचे खांबासारखे पाय काढले आणि प्रत्येक पायात आईच्या पायात होतं तसं कडं घातलं. जो तो दुसऱ्याचं खोटं ठरवत होता. पोरांच्या मारामाऱ्या व्हायला लागल्या आणि त्या सोडवायला आलेले बाप त्याच मारामाऱ्या पारावर न्यायला लागले.

एके संध्याकाळी सटवाजी बांधाच्या कामानं तातेरावाकडं आला. ओसरीवर माशाच्या शेपटाचा कागद पडला होता. त्यानं तो पाहिला, बाजूला ठेवला, पुन्हा उचलला. त्याच्यानं राहवेना.

“येवढं मोठं डोस्कं आन् मागं माशाचं शेपूट? तोल कसा राह्यचा? म्हशीचे पाय पाह्यजेत इथं. खुराचे.” असं म्हणून त्यानं कोळसा उचलला, उकिडवा बसला, आणि जीभ बाहेर काढून म्हशीचे पाय काढायला लागला. दोन काढून होईतो तातेरावानं कळ काढली. तिसऱ्या पायाला मात्र त्याला आवरलं नाही.

“सटवा, नसलेल्या जनावराला पाय काढून राहिला व्हय?”

सटवाजीनं कोळसा टाकला. हात धोतराला पुसले, धोतर काळं झालं, आणि बांधाचं काम न सांगताच तो निघून गेला. तातेराव त्या रात्री बरं जेवला. पण बंदी काही उठली नाही. सटवाजी एकदा बोलला म्हणजे बोलला, आणि म्हशीचे पाय काढले म्हणून काही त्यानं जनावर पाहिलेलं होत नव्हतं.

असं करत दोन वर्षं गेली. पारावर आता हळदीचा भाव आणि कुणाच्या पोटात वात धरला, एवढंच बोलणं होतं. दगडोबानं एकदा भुताची गोष्ट सांगायला घेतली. मधेच त्याला आठवेना की भूत बाई होतं की बाप्या. लोक लवकर उठून घरी जायला लागले. आणि तातेराव वाळत चालला होता. लोकांनी हसण्यावारी नेलेलं त्याला लागत नव्हतं. त्यावर तर तो जगला होता. जन्मात एकदा खरं बोललो आणि नागनाथाच्या नावानं खोटा ठरलो, हे त्याच्या मनात सलत होतं. औंढ्याला दर्शनाला जायचं म्हटलं तरी तो काही ना काही सबब काढायचा.

पुढं सटवाजीच्या शेताचा एक जुना दावा हैदराबादेपर्यंत गेला आणि त्याला तिकडं जावं लागलं. तो निघाला त्या दिवशी आख्खं गाव वेशीवर होतं. दाव्याचं काय होणार, हे एकानंही विचारलं नाही.

“पाय पाहून या!” पोरं ओरडत होती.

तातेराव आला नव्हता. तो मळ्यात पाटाला पाणी सोडून बसला होता, आणि पाणी कधीच बांध फोडून सटवाजीच्या रानात गेलं होतं, तरी त्याचं लक्ष नव्हतं. सटवाजी खोटं बोलणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याला भीती होती ती नवाबाच्या जनावराची. ते ऐन वेळी पाण्यातून कानसुद्धा वर काढणार नाही, आणि सटवाजी येऊन सांगेल, ‘पाणी पाह्यलं.’ तेवढंच सांगेल, वर एक अक्षर नाही.

सटवाजी परतला त्या दिवशी उन्हं उतरायच्या आतच पार भरला. बायका आडोशाला उभ्या. पोरं आपापले कागद घेऊन पुढं, त्यांत पेमाही होती. दोन वर्षांत पहिल्यांदा तातेराव आला आणि पाराच्या खालीच, वहाणा काढायच्या जागी उभा राहिला. आशाबाईनं बळंच पाठवला होता.

सटवाजी बसला, पाणी प्याला, तोंड पुसलं.

“पाह्यलं,” तो म्हणाला. “हाय.”

गलका उठला. तातेरावानं पाराचा दगड धरला. दगडोबानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

“बराबर तात्यानं काढलं तसं?”

“तसंच. कान, डोळे, नाकपुड्या.”

“बाहीर आलं व्हतं?”

सटवाजीनं कानाची पाळी चाचपली. “आलं व्हतं.”

तातेरावाला आधी आनंद झाला, आणि लगेच जळफळाटही झाला. आपण आख्खा दिवस बसलो तर तो घोडा हालला नाही, आणि ह्या मुखदुर्बळ माणसासाठी बाहेर आला!

“मंग पाय?” पोरांनी एकच कल्ला केला.

“पाय... व्हते.”

“कसे व्हते?”

“असत्यात तसे.”

तातेरावानं मान वर केली. सटवाजी कानाची पाळी ओढत होता. ज्यानं पाहिलेलं असतं, त्याला विचाराल त्याहून जास्त सांगायची घाई असते. हा तर विचारलं तेवढंच देत होता, तेही जड झाल्यासारखं. दुसऱ्या कुणाला ते कळलं नसतं, पण तातेरावाचा जन्म त्या धंद्यात गेला होता. त्याच्या काळजात लख्ख झालं: सटव्यानं काही पाहिलेलं नाही. सटवा खोटं बोलतोय. आणि ते त्याला अजिबात जमत नाहीये.

पेमानं कागद नाचवला. “मपल्यासारखे हायत का?”

सटवाजीनं तो कागद बुडत्यानं काडी धरावी तसा धरला. “व्हय. पेमाचं बराबर. हत्तीवानी. मपलं म्हशीचं चुकलं.”

हे ऐकल्यावर तर शंकेला जागाच उरली नाही. स्वतःचं चुकलं म्हणणारा माणूस खोटं कशाला बोलेल?

“कडी बी व्हती पायात?” पेमानं विचारलं, आणि सगळे हसले. दगडोबा नाही हसला. त्यानं खुंटी मारलीच.

“सटवाजी, बोटं किती व्हती?”

सटवाजीनं तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. आडोशाच्या बायकासुद्धा पुढं सरकल्या. जन्मभर ज्याच्या शब्दावर गावानं भांडणं मिटवली, तो माणूस बोटांवर येऊन अडकला होता, आणि आणखी एक क्षण गेला असता तर ते सगळ्या गावाला दिसलं असतं.

“चार!” तातेराव खालून ओरडला.

सगळ्या माना वळल्या.

“तुला काय ठाव? तू तर पाय पाह्यलेच न्हाईस!” दगडोबा म्हणाला.

“म्या कुठं पाह्यले? ह्यानंच सांगितलं की मला सकाळी, येशीपाशी. गाडीतून उतरला तसा पयल्यांदा मला धरलं. म्हनला, तात्या, चार बोटं हायत रे! चिखलात पाय पडला की परातीयेवढा खड्डा. न्हवं का, सटवा?”

तातेराव सकाळपासून घराबाहेर पडला नव्हता. दोन वर्षांतली त्याची ही पहिली थाप. सटवाजीनं त्याच्याकडं पाहिलं आणि हळूच मान हलवली. पाणघोड्याला खरोखरच चार बोटं असतात, पण हे तातेरावाला मरेपर्यंत कळलं नाही.

“मंग खाली काहून उभा तू? वर बस आन् सांग की!” कुणीतरी म्हणालं, आणि चार हातांनी त्याला वर ओढलं. मग त्यानं सटवाजीच्या नावावर काय काय सांगितलं, ते सगळं इथं देण्यात अर्थ नाही. जनावर हौदाबाहेर आलं तेव्हा पाणी गुडघ्याएवढं खाली गेलं, आणि त्यानं जांभई दिली तेव्हा नवाबाची पगडी आत ओढली गेली, एवढं पुरे. पार हसून लोळत होता. सटवाजी शेजारी मान खाली घालून बसला होता, आणि मधेमधे लोकांनी विचारलं की म्हणायचा, “बरं.”

दिवेलागणीला दोघं बांधावरून घरी निघाले. पुढं सटवाजी, मागं तातेराव.

“हौद कोरडा व्हता,” सटवाजी पाठ न वळवता म्हणाला. “बागेला कुलूप. नवाबानं बाग इकली म्हनत्यात. तुझ्या भाच्याला इचारावं तर मानूस न्हाई तिथं. फाटकाच्या फटीतून नुस्ता हौद दिसला. आत पाला पडलेला.”

“ते मला कळलं.”

“लई वंगाळ बोललो का?”

“लई. असं कुनी खोटं बोलत न्हाई, सटवा. आन् पाय बाहीर कशाला काढलेस? पान्यातच ठिवायचे व्हते.”

“आता हे मला काय म्हाईत! सवय हाय का मला?”

तातेराव थांबला. “मंग बोललास काहून? तुझा शब्द गेला असता आज. मपल्या ज्या गोष्टीला तुमी थाप म्हनता तिच्यापायी.”

सटवाजीही थांबला आणि आता मात्र वळला.

“थाप न्हवं ती. आगगाडीत बसून लई इचार केला म्या. दोन वर्सं लेकरं तुझ्या मागं लागली, पाय काढ, पाय काढ. ती पेमी तर ‘कसेबी काढ’ म्हनली. म्या सोता तुझ्यापुढं कोळसा घेऊन बसलो. पर तू काढले न्हाईस. तात्या, ती थाप असती, तर तू पयल्याच दिशी पाय काढले असतेस. शेपूट काढलं असतंस. शेपटाला घुंगरू बी बांधलं असतंस.”

तातेरावाचे डोळे भरून आले. दोन वर्षांचं साठलेलं किती बोलायचं होतं, बंदीही उठली होती, ऐकणारा समोर उभा होता. पण त्याला एक शब्द सुचेना. त्यानं सटवाजीचा हात धरला, आणि दोघं पुढं-मागं न चालता त्या अरुंद बांधावर शेजारी शेजारी चालायला लागले. त्यात सटवाजीचा एक पाय सारखा हळदीच्या चिखलात जात होता, पण त्यानं हात काही सोडला नाही.